चित्रं पाहायला हिमाचल : सोलापुरातून निघणाऱ्यांसाठी सविस्तर वाटाड्या

सोलापुरातून हिमाचलला जाणाऱ्या बहुतेक सहलींचा रस्ता ठरलेला असतो. दिल्ली, सिमला, कुलू, मनाली, बर्फात फोटो आणि परत. त्यात संग्रहालय आलंच तर बाहेर पाऊस लागला म्हणून किंवा जेवणाला अवकाश आहे म्हणून, तेही अर्ध्या तासापुरतं. याची मला मनापासून खंत वाटते. आपल्या देशातली अतिशय नाजूक, अतिशय मायेनं रंगवलेली चित्रं याच डोंगरांमधल्या छोट्या संस्थानांत तयार झाली. ज्या नद्या, जी झाडं, जे उतार त्या चित्रांत आहेत ते आजही खिडकीबाहेर दिसतात. चित्र आणि त्याचं गाव एकाच दिवशी पाहायला मिळावं, अशा जागा फार नाहीत.

हे राज्य खेड्यांचं आहे. २०११ च्या जनगणनेनुसार इथली दहापैकी नऊ माणसं ग्रामीण भागात राहतात. त्यामुळे मुंबईसारखी भव्य संग्रहालयं इथे शोधू नका. इथली दालनं छोटी, साधी आणि बऱ्याचदा रिकामी असतात. वीतभर चित्रासमोर पंधरा मिनिटं उभं राहिलं तरी मागून कुणी ढकलत नाही. लघुचित्रं पाहायला याहून चांगली सोय नाही.

आधी सोमवार, मग तिकीट

आखणीची सुरुवात रेल्वेपासून नको, सोमवारपासून करा. चंबा, धरमशाला, नग्गर, सिमला, शिवाय चंडीगड आणि दिल्ली, या सगळ्या ठिकाणची मुख्य संग्रहालयं सोमवारी बंद असतात. बऱ्याच ठिकाणी राजपत्रित सुट्ट्यांनाही कुलूप असतं. दोन आठवड्यांच्या प्रवासात दोन सोमवार येणारच. ते वाया जाऊ द्यायचे नसतील तर दिवस असे बसवा.

बुधवारी संध्याकाळी दौंडला झेलम एक्सप्रेस पकडा. सोलापूर ते दौंड गाड्यांची कमतरता नाही. झेलम दिल्लीमार्गे पुढे जाते आणि तिसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, पठाणकोट कॅन्टला सोडते. तिथून चंबा साधारण १२० किलोमीटर, पण रस्ता घाटाचा, त्यामुळे चार-पाच तास धरा. शनिवार पूर्ण चंब्याला द्या. रविवारी सकाळी निघून धरमशाला. पहिला सोमवार नोरबुलिंका या तिबेटी कलेच्या संस्थेसाठी, कारण ती सोमवारी चालू असते आणि रविवारी तिथल्या कारागिरांना सुट्टी असते. मंगळवारी कांगडा कला संग्रहालय, बुधवारी अंद्रेटा हे कलावंतांचं गाव आणि मुक्काम पालमपूरला. गुरुवार मंडीमार्गे नग्गरपर्यंतच्या प्रवासात जाईल, शुक्रवार नग्गरचा. शनिवारी सिमल्याचा प्रवास, रविवारी तिथलं संग्रहालय. दुसऱ्या सोमवारी सिमल्याहून कालकाला छोट्या गाडीनं उतरा. सगळं बंद असताना ९६ किलोमीटरचा तो डोंगरी रेल्वेप्रवास छान बसतो. मंगळवारी चंडीगड, बुधवारी दिल्ली, आणि रात्री नवी दिल्लीहून कर्नाटक एक्सप्रेस. ती थेट सोलापूरला येते.

एवढे दिवस जमणार नसतील तर सिमला आणि नग्गर सोडा, पण चंबा सोडू नका. माझ्या मते संपूर्ण राज्यात चित्रांसाठी एकच गाव निवडायचं झालं तर ते चंबा.

रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता साठ दिवस आधी सुरू होतं, त्यामुळे तारीख ठरवून आरक्षण उघडेल त्याच सकाळी तिकीट काढा. दिवाळीच्या सुट्टीत तर ही गोष्ट अजिबात पुढे ढकलू नका. गाडीतला वेळ मोठा आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर असली की जेवणाची चिंता मिटते.

ऋतू कोणता? सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आकाश स्वच्छ असतं आणि रस्ते चालू असतात. एप्रिल-मेही चांगले, पण सुट्टीची गर्दी होते. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका. २०२३ च्या पावसाळ्यात कुलू-मनाली महामार्गाचे तुकडे वाहून गेले होते. दरडींमुळे अडकलात तर आखणी तर कोलमडतेच, जिवालाही धोका असतो.

जाण्याआधीचा अभ्यास

पहाडी चित्रांचे, म्हणजे या डोंगरी संस्थानांतल्या लघुचित्रांचे, विषय ठरावीक आहेत. भागवताचा दशम स्कंध, गीतगोविंद, रामायण, बारा महिन्यांची चित्रं म्हणजे बारामासा, रागमाला, आणि निरनिराळ्या मनःस्थितींतल्या नायिका. यातलं निम्मं आपल्या कानावरून गेलेलं असतं. आपल्याच जिल्ह्यातल्या नाझऱ्याच्या श्रीधरस्वामींचा हरिविजय ज्यांच्या घरी वाचला जातो त्यांना कालियामर्दन, गोवर्धन, रुक्मिणीहरण ओळखायला पाटीची गरज पडणार नाही. मुलं बरोबर असतील तर गाडीतच त्यांना या चार-पाच कथा सांगून ठेवा. दालनात त्यांचं लक्ष टिकतं, कारण ती प्रसंग शोधू लागतात.

दुसरी तयारी डोळ्यांची. दोन शैलींमधला फरक आधी कळला पाहिजे. बसोहली शैली जुनी, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. तिचा रंग भडक आहे, तांबडा आणि मोहरीसारखा पिवळा. डोळे कमळाच्या पाकळीएवढे मोठे, क्षितिज कागदाच्या अगदी वरच्या कडेला. दागिन्यातल्या पाचूच्या जागी चित्रकार भुंगेऱ्याच्या पंखांचे चकाकणारे हिरवे तुकडे चिकटवायचे. काचेसमोर किंचित डावी-उजवीकडे सरकलात की ते तुकडे चमकतात, समोरून सरळ पाहिलं तर कळतही नाहीत. गुलेर-कांगडा शैली नंतरची, अठराव्या शतकातली. तिथे रंग निवतात, रेषा वाहती होते, स्त्रीच्या चेहऱ्यात कपाळ आणि नाक जवळपास एका रेषेत उतरतं, आणि मागे कांगड्याच्या हिरव्या टेकड्या दिसू लागतात. कांगड्याच्या राजा संसारचंदाच्या कारकिर्दीत (१७७५ ते १८२३) ही शैली बहरली.

तिसरी गोष्ट, एक नाव लक्षात ठेवा : नैनसुख. गुलेरच्या पंडित सेऊचा धाकटा मुलगा, माणकूचा भाऊ. पहाडी चित्रांवर चित्रकाराची सही क्वचितच सापडते, म्हणून कितीतरी वर्षं ही चित्रं फक्त राजाच्या किंवा संस्थानाच्या नावानं ओळखली जायची. कलेचे इतिहासकार बी. एन. गोस्वामी यांनी १९६० च्या दशकात चित्रं बाजूला ठेवून तीर्थक्षेत्रातल्या पंड्यांच्या वह्या चाळल्या. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांकडे कुळाच्या नोंदी असतात, तशाच हरिद्वारला. त्या वह्यांत चित्रकारांची अख्खी घराणी निघाली. नैनसुख १७६३ मध्ये आपला आश्रयदाता, जसरोट्याचा बलवंतसिंह, याच्या अस्थी घेऊन हरिद्वारला गेला होता. तिथे पंड्याच्या वहीत त्यानं स्वतःच्या हातानं नोंद केली आणि तिथेच एक चित्रही काढलं. शैली संस्थानाची नसून घराण्याची असते, एका घरातली मुलं वेगवेगळ्या दरबारांत गेली की हात तोच राहतो, हे गोस्वामींनी त्यातून दाखवलं. हे माहीत असलं की पाटीवरच्या 'गुलेर' किंवा 'कांगडा' या शब्दांमागे घरंच्या घरं दिसू लागतात.

सामानात एक साधं भिंग ठेवा. दालनात शिरताना ते दाखवून वापरण्याची परवानगी घ्या. कॅमेऱ्याचं शुल्क आणि मनाई जागोजागी वेगवेगळी आहे, फ्लॅश तर कुठेच नको. आणि हॉटेलवाल्याला सांगून आदल्या दिवशी संग्रहालय उघडं असल्याची खात्री करून घ्या. छोट्या ठिकाणी एखादं दालन दुरुस्तीसाठी बंद असतं आणि त्याची बातमी गावाबाहेर पोहोचत नाही.

चंबा : इथे घाई नको

भुरीसिंह संग्रहालय चौगानाजवळच आहे. चौगान म्हणजे गावाच्या मध्यावरचं लांबलचक हिरवं मैदान. मुक्काम त्याच्या आसपास घेतलात तर सगळं पायी होतं. राजा भुरीसिंहानं आपल्या घराण्याचा चित्रसंग्रह दिला आणि १४ सप्टेंबर १९०८ रोजी हे संग्रहालय सुरू झालं. डच पुरातत्त्वज्ञ फोगेल यांनी चंब्याचे शिलालेख आणि ताम्रपट गोळा करून अभ्यासले होते. ते कामही या संग्रहालयाच्या मुळाशी आहे.

कोरीव शिळांनी सुरुवात करा. झऱ्याच्या पाण्याला वाट देण्यासाठी बसवलेल्या या मोठ्या शिळांवर वरुण, नद्या आणि देव कोरलेले आहेत. गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची सोय करायची ही इथली जुनी रीत. काहींवर शारदा लिपीतले लेख आहेत. त्यानंतर ताम्रपट, आणि मग चित्रं. चित्रांच्या दालनात एकदा भरभर चक्कर मारा, मनाला धरलेली पाच चित्रं निवडा आणि फक्त त्या पाचांसमोर परत या. सगळी पाहायची म्हटलं की एकही दिसत नाही.

लघुचित्र वाचायचा माझा क्रम असा आहे. आधी क्षितिज कुठे आहे ते पाहायचं, मग कोण कुणाकडे पाहतंय ते. मग हात. पहाडी चित्रात चेहरे शांत असतात, सगळं बोलणं बोटांत असतं. शेवटी झाडं. केळीला वेल बिलगलेली, पाण्यात बगळ्यांची जोडी, दूर एकटं झाड, यातलं काहीही उगाच नसतं. अभिसारिका म्हणजे रात्री प्रियकराकडे निघालेली नायिका कुठे दिसली तर तिच्या पायांकडे भिंग धरा. घोट्याशी साप, चिखल, कधी निखळलेलं पैंजण असतं. मागच्या काळ्या ढगात सोन्याची एकच बारीक वाकडी रेघ असते, ती वीज. खारीच्या केसांच्या कुंचल्यानं ओढलेली ती रेघ नुसत्या डोळ्यांना निसटते.

आता चंबा रुमाल. सोलापूरकरांनी इथे सर्वात जास्त वेळ द्यावा असं मी आग्रहानं सांगेन, कारण कापड पाहण्याची नजर आपल्याकडे घरातूनच येते. सोलापुरी चादर उलटी केली की तेच फूल दिसतं, फक्त रंगांची अदलाबदल झालेली असते. जकार्ड मागावर ताणाबाण्याचे दोन थर एकमेकांत फिरतात म्हणून तसं होतं. चंबा रुमालात दोन्ही बाजूंना तेच चित्र आणि तेच रंग असतात, आणि ते विणलेलं नसून भरलेलं असतं. पातळ मलमल किंवा हातकताईचं कापड, त्यावर पीळ न दिलेला रेशमी धागा, आणि 'दोरुखा' टाका. सुई पुढच्या आणि मागच्या अंगाला सारखीच जागा भरत जाते, गाठ कुठेही मारायची नाही, धाग्याचं टोक भरलेल्या टाक्यांखालीच दडवायचं. पीळ नसल्यामुळे धागा कापडावर पसरून बसतो आणि रंग सपाट, चमकदार दिसतो, कुंचल्यानं भरल्यासारखा. बाह्यरेषा दरबारचे चित्रकार कोळशानं आखून द्यायचे, भरायच्या बायका. म्हणून रुमालावरची गोपी आणि कागदावरची गोपी बहिणी-बहिणी वाटतात. रासमंडल, शिकार आणि रुक्मिणीहरण हे ठरलेले विषय. पंढरपूर ज्यांच्या जिल्ह्यात आहे त्यांनी रुक्मिणीहरणाचा रुमाल पाहिल्याशिवाय तिथून हलू नये. लग्नात आहेराच्या आणि देवापुढच्या ताटांवर हे रुमाल झाकायचे.

अडचण अशी की काचेमागे एकच बाजू दिसते. त्यासाठी गावात जिथे रुमाल भरायचं काम चालतं तिथे जा. ललिता वकील यांनी चंब्यात कित्येक मुलींना हे काम शिकवलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भरणाऱ्या बाईंना नम्रपणे विनंती केली तर त्या कापड उलटून दाखवतात. विकत घ्यायचा असेल तर परीक्षा सोपी आहे. मागची बाजू आधी पाहा. गाठ, लोंबतं टोक किंवा धाग्यानं एका जागेवरून दुसरीकडे मारलेली उडी दिसली तर तो खरा दोरुखा नव्हे. दुसरं, आखणी पाहा. चेहऱ्याची रेषा जाड आणि अडखळती असेल तर टाका चांगला असूनही रुमाल मार खातो. मोठ्या रुमालाला महिनेच्या महिने लागतात. किमतीत घासाघीस करण्याआधी आपल्या मागावरच्या मजुरीचा हिशेब आठवावा, एवढीच विनंती.

संध्याकाळ लक्ष्मीनारायण मंदिरसमूहाला द्या. मूळ देऊळ दहाव्या शतकातलं. चंब्याच्या रंगमहालातली, म्हणजे जुन्या राजवाड्यातली, भित्तिचित्रं मात्र सगळी चंब्यात सापडणार नाहीत. त्यातली बरीचशी भिंतींवरून सोडवून दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेली आहेत. परतीच्या वाटेवर ती गाठायची आहेत.

धरमशाला आणि परिसर

कोतवाली बाजारातलं कांगडा कला संग्रहालय १९९० मध्ये उघडलं. स्पष्ट सांगतो, नावावरून जी अपेक्षा होते ती इथे पूर्ण होत नाही. कांगडा शैलीचे सर्वोत्तम नमुने चंडीगड, दिल्ली आणि परदेशातल्या संग्रहांत विखुरले आहेत. इथे काही लघुचित्रं, कांगड्याचे दागिने, कपडे, मातीची भांडी आणि लाकूडकाम आहे. दोन तास पुरतात. दागिन्यांच्या दालनात थोडं थांबा, कारण चित्रांतल्या बायकांच्या अंगावर जे पाहिलं ते इथे खरंखुरं ठेवलेलं आहे.

नोरबुलिंका धरमशालेच्या खाली सिद्धपूरला आहे. तिबेटी कला जिवंत ठेवण्यासाठी उभारलेली ही संस्था. थंका म्हणजे कापडावरची बौद्ध चित्रं रंगवणारे विद्यार्थी फळ्यासारख्या चौकटीत ताणलेल्या कापडासमोर मांडी घालून बसलेले असतात. आधी मोजमापाची जाळी, मग देवतेचा सांगाडा, मग रंग, आणि डोळे सगळ्यात शेवटी. त्यांच्या खांद्यावरून पाहता येतं, फक्त बोलू नये आणि सावली पडू देऊ नये. किनखापाचे तुकडे कापून, शिवून केलेले कापडी थंकाही पाहा. रंगाचं काम तिथे शिंप्याच्या हाती असतं.

वाहन असेल तर मसरूर वाटेत घ्या. एकाच वालुकाश्मी कड्यातून कोरलेली आठव्या शतकाच्या सुमाराची देवळं. वेरूळ पाहिलेल्या माणसाला तिथे पुष्कळ काही जाणवेल.

अंद्रेटा

पालमपूरजवळचं हे छोटं गाव एका आयरिश बाईमुळे कलावंतांचं झालं. नोरा रिचर्ड्स. नाटकवाल्या. इथे मातीचं घर बांधून राहिल्या आणि कलाकारांना बोलावत राहिल्या. चित्रकार शोभासिंह फाळणीच्या वर्षी, १९४७ मध्ये, इथे आले आणि शेवटपर्यंत इथलेच झाले. त्यांचं घर आता कलादालन आहे. त्यांनी रंगवलेली गुरू नानकांची प्रतिमा कॅलेंडरांमधून देशभर पोहोचली. नांदेडला हुजूर साहिबला जाऊन आलेल्या कुणालाही ती आठवेल. 'सोहनी-महिवाल' हे त्यांचं गाजलेलं चित्र. लघुचित्रांनंतर हे तैलरंग जरा गोड वाटतील, मला तरी वाटतात. पण एका माणसाची कल्पना कोट्यवधी लोकांच्या मनातला चेहरा कशी होते हे समजून घ्यायला ही जागा पाहावी.

गावातच अंद्रेटा पॉटरी आहे. लाल मातीवर पांढऱ्या-तपकिरी मातीच्या घोळाची नक्षी असलेली भांडी तिथे होतात. मुलांना चाकावर बसू देतात का ते आधी विचारून जा.

नग्गर

रशियन चित्रकार निकोलस रोरिख १९२८ मध्ये इथे येऊन राहिले आणि १३ डिसेंबर १९४७ रोजी इथेच वारले. त्यांच्या घराच्या तळमजल्यावर चित्रं आहेत. संख्या मोजकी. टेम्परा रंगांमुळे पृष्ठभाग कोरडा, चमक नसलेला दिसतो, आणि निळ्या-जांभळ्या डोंगरांना त्यानं अजब खोली येते. माझा सल्ला असा : पहाटे उठून समोरचे डोंगर उजाडताना पाहा, मग दालन उघडताच आत जा. छायाचित्रांत हे रंग अतिरंजित वाटतात. सकाळचे डोंगर पाहून आत गेलात की ते तसेच असतात हे कळतं.

वरच्या खोल्या खिडक्यांतून पाहायच्या. थोरला मुलगा जॉर्ज तिबेटी भाषेचा विद्वान. धाकटा स्वेतोस्लाव स्वतः उत्तम चित्रकार, आणि १९४५ मध्ये बॉम्बे टॉकीजच्या देविकाराणींचा पती झालेला. देवदारांमधून चढत वर गेलात की रोरिखांनी स्थापलेल्या उरुस्वती संशोधन संस्थेची इमारत लागते. ज्येष्ठांनी किल्ल्यापासून वाहनच करावं, चढ दमवतो. नग्गरचा जुना किल्ला काष्ठकुणी पद्धतीचा आहे. देवदाराच्या तुळया आणि दगड आलटून-पालटून, चुना-सिमेंट न वापरता रचलेल्या भिंती.

सिमला, चंडीगड, दिल्ली

सिमल्याचं राज्य संग्रहालय १९७४ पासून चौडा मैदानावरच्या टेकडीवर, इंग्रजी काळातल्या बंगल्यात आहे. पहाडी लघुचित्रांचं दालन चांगलं, बाकीचं चालता-चालता पाहिलं तरी हरकत नाही. वर जायचा चढ खडा आहे.

चंडीगड हिमाचलात नाही, तरीही ते या आखणीत हवंच. सेक्टर १० मधलं शासकीय संग्रहालय ल कॉर्बुझिए यांनी आखलं, १९६८ मध्ये उघडलं. फाळणीत लाहोर संग्रहालयाच्या वस्तूंची वाटणी झाली तेव्हा चाळीस टक्के भाग भारताच्या वाट्याला आला, तो शेवटी इथे स्थिरावला. सनदी अधिकारी एम. एस. रंधावा यांनी पहाडी चित्रं मिळवण्यासाठी अतोनात खटपट केली. कांगड्यात जे सापडलं नाही ते इथे आहे. भिंग इथेही काढा. सकाळी दहाला आत जा आणि दुपारपर्यंत फक्त लघुचित्रांपाशीच राहा.

दिल्लीत बुधवारी राष्ट्रीय संग्रहालय. आत शिरताच चौकशी करा की रंगमहालाची भित्तिचित्रं आणि पहाडी दालन उघडं आहे का, आणि आधी तिकडेच जा. बाकीचं संग्रहालय एवढं मोठं आहे की हडप्पापासून सुरुवात केलीत तर चंब्यापर्यंत पाय पोहोचणार नाहीत. सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवलं, तर तिथून सरळ गाडी गाठता येते. कर्नाटक एक्सप्रेस रात्री सुटते आणि दुसऱ्या दिवशी रात्री सोलापूरला पोहोचते. रुमाल घेतला असेल तर तो बॅगेत घडी घालून दाबू नका. पीळ नसलेल्या रेशमावर घडीची रेघ कायमची उमटते. स्वच्छ सुती कापडात धरून पुठ्ठ्याच्या नळीवर सैल गुंडाळा आणि नळी बर्थवर स्वतःजवळ ठेवा.